गप्प आहेत, असं लिहा

कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून मी ऑफिसातल्या बाजेवर आडवी होते, तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात. मे महिना आहे, कोर्टाला सुट्टी आहे. समोरच्या बसस्टँडवर कोणी नाही. रसवंतीच्या चरकाचं घुंगरू तेवढं वाजतंय. वाजतं, थांबतं, पुन्हा वाजतं. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरलाय.

डोळे मिटलेत, पण मी झोपलेली नाही, अशी माझी खात्री आहे. कपाटातल्या लाल फडक्यांत बांधलेल्या गठ्ठ्यांवरची नावं मला वाचता येताहेत. मिटल्या डोळ्यांनी नावं कशी वाचता येतील, असं मनात येतं न येतं तोच पक्षकारांच्या बाकावर कुणीतरी बसल्याचा आवाज होतो. त्या बाकाचा एक पाय आखूड आहे. बसणारा नवा असला की बाक डुगडुगतं आणि तो घाबरून उठतो. आत्ता बाक एकदाच हललं आणि स्थिर झालं. म्हणजे बसणाऱ्याला कुठं टेकायचं ते माहीत आहे.

मी मान वळवते. सोनकली बसली आहे.

सोनकली मावसकर. सहा महिन्यांपूर्वी, दिवाळीनंतरच्या मंगळवारी ती वारली. हे मला या घटकेलाही नीट ठाऊक आहे. तरी तिला पाहून मी दचकत नाही. मनात येतं ते एवढंच, की ही उन्हातून आली आहे, हिला आधी पाणी द्यावं.

"पिऊन आली मी," ती म्हणते.

तिचा चष्मा नेहमीसारखा सुतळीनं गळ्यात अडकवलेला आहे. लुगडं हिरवं, कोर्टात यायचं. ती तिच्या कोरकू भाषेत बोलते आहे आणि मला ते तिच्याच मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत ऐकू येतंय, हेही मला जाणवतं, पण त्याचं नवल वाटत नाही. इतकी वर्षं तसंच तर चाललं होतं.

ती कोण होती, ते सांगायला हवं.

मेळघाटातल्या एका तालुक्याच्या गावी मी सत्तावीस वर्षं वकिली करते आहे. आमची संस्था लहान आहे. बसस्टँडच्या मागे दोन खोल्या आणि 'मोफत कायदा सल्ला' अशी पाटी. जमिनीचे दावे, वनहक्काचे अर्ज, रेशनकार्डावर चुकलेली नावं, जंगलखात्याच्या केसेस, नवऱ्यानं टाकलेल्या बायका. लोक डोंगरातून उतरून येतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी फडक्यात आणि फडकं पोटाशी. मी मूळची अमरावतीची, वासंती तायडे. आले तेव्हा मला वाटलं होतं की कायदा येतो म्हणजे काम येतं. पहिली दोन वर्षं मी फारशी उपयोगाची नव्हते. मला कोरकू येत नव्हती.

मग एके दिवशी चुन्नू नावाचा माणूस कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. सागाची दोन लाकडं तोडल्याचा गुन्हा. जामीन राहायला कोणी नव्हतं म्हणून सात आठवडे आत होता. केस माझ्याकडे आदल्याच दिवशी आली होती आणि त्याच्याशी माझं चार वाक्यंही बोलणं झालं नव्हतं. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, समजलं का. तो म्हणाला, हौ. गुन्हा कबूल आहे का. तो म्हणाला, हौ. मी उठून उभी राहिले, पण काय बोलावं ते सुचेना. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली.

"साहेब, तो हो नाही म्हणून राहिला," ती म्हणाली. "तो म्हणते, आयकलं."

मला वाटलं, आता हिला बाहेर काढतील. पण ते न्यायाधीश ऐकून घेणारे होते. त्यांनी तिला पुढे बोलावलं, नाव-गाव विचारलं. ती मामेभावाच्या शेतीच्या तारखेला सोबत म्हणून आली होती. तिनं समजावून सांगितलं, की आमच्यात मोठं माणूस बोललं की हौ म्हणायची रीत आहे. बोलणं कानात गेलं, एवढाच त्याचा अर्थ. न्यायाधीशांनी तिला शपथ दिली आणि प्रश्न पुन्हा विचारायला लावला. स्वतःच्या भाषेत प्रश्न ऐकल्यावर चुन्नू पाव तास बोलत होता. झाड वादळानं पडलेलं होतं. लाकडं घराच्या चौकटीसाठी होती. ती त्यानं लपवलीही नव्हती, दारातच ठेवली होती. त्याच आठवड्यात तो घरी गेला आणि पुढे केसमधूनही सुटला.

मी तिला कोर्टाच्या फाटकात गाठलं. आठवड्यातून दोन दिवस येते, असं कबूल करून ती आली आणि पुढची पंचवीस वर्षं चार-चार दिवस येत राहिली. चाळिशीत वाचायला शिकली, तेही कोर्टाच्या दारावर लागणाऱ्या रोजच्या खटल्यांच्या यादीवरून, म्हणजे बोर्डावरून. आधी आडनावं, मग नावं, मग बाकीचं. सुरुवातीला मला 'तुम्ही' म्हणायची. एका खटल्यात मी उलटतपासणी बरी केली, त्या संध्याकाळी पहिल्यांदा 'तू' म्हणाली. तेव्हा मला वाटलं, आता खरी मी कामाला लागले.

तिचे दोन नियम होते. दुभाषी म्हणून बोलताना ती 'तो म्हणतो' असं कधी म्हणायची नाही, साक्षीदाराच्या जागी बसून 'मी' म्हणायची. "मी नांगर घेऊन गेलो." "मी रडली." आणि साक्षीदार बोलता बोलता थांबला, तर तीही थांबायची आणि टंकलेखकाकडे बघून सांगायची, "गप्प आहेत, असं लिहा." सुरुवातीला वकील हसायचे. नंतर हसेनासे झाले. आमच्या लोकांचं गप्प राहणं कागदावर आलं नाही, तर त्या जागी दुसराच कोणीतरी आपल्याला हवं ते उत्तर लिहून टाकतो, असं ती म्हणायची.

"आज बोर्डावर काय आहे?" सोनकली विचारते.

मी म्हणते, सुट्टी आहे.

"मले कुठली सुट्टी," असं म्हणून ती उठते आणि कपाटाचं दार उघडते. गठ्ठ्यांच्या जागी कोर्टाचा व्हरांडा आहे. ती पुढे, मी मागे, अशा आम्ही आत जातो. खोली तीच आहे. उंच खुर्ची, लाकडी कठडा, भिंतीवरचं घड्याळ. फक्त छप्पर नाही. वर सागाची पानं आहेत आणि त्यातून उन्हाचे ठिपके फरशीवर पडलेत. टंकलेखकाच्या टेबलाखाली एक कोंबडी अंडी उबवत बसली आहे. तिला धक्का लागू नये म्हणून मी साडी सावरून जाते.

सोनकली तिच्या जागेवर जाऊन उभी राहते, साक्षीदाराच्या कठड्याच्या डाव्या अंगाला. तिथली फरशी थोडी झिजली आहे. ती पायानं ती जागा चाचपून बघते.

"त्या दिवशी इथं कोण उभं होतं?" ती विचारते. आवाजात राग नाही. बाहेरगावाहून परतलेल्या माणसानं घरात काय झालं ते विचारावं, तसं.

मी तिला सगळं सांगायला लागते. आणि आश्चर्य म्हणजे, सहा महिन्यांत हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

त्या मंगळवारी रतनीच्या दाव्यात साक्ष होती. रतनीचा नवरा वारल्यावर दिरानं शेत एकट्याच्या नावावर करून घेतलं होतं. त्याचं म्हणणं, ही माझ्या भावाची लग्नाची बायकोच नव्हती, नुसती घरात येऊन राहिली होती. लग्न जातीच्या रीतीनं लागलेलं, त्याचा कागद कुठून असणार? त्या लग्नाला हजर असलेला एकच माणूस जिवंत होता, गावचा म्हातारा पटेल, तोता पटेल. वय ऐंशीच्या पुढे. पहिल्या दोन तारखांना दुसरी कामं लांबली आणि त्याची साक्ष झालीच नाही. प्रत्येक वेळी तो अर्धा रस्ता चालत आणि अर्धा रस्ता बसनं येऊन परत गेला होता. दुसऱ्यांदा परत जाताना सोनकलीला म्हणाला होता, आता पुन्हा मला आणू नका, माझ्यानं होत नाही. तिनंच त्याच्या घरी जाऊन, दोन दिवस बसून, त्याला तिसऱ्यांदा यायला तयार केलं होतं.

सकाळी नऊला मी कोर्टाच्या आवारात पोचले. म्हातारा घोंगडी पांघरून लिंबाखाली बसला होता. रतनी त्याच्या पायाशी. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मुंगीलाल होता, सोनकलीचा नवरा. तो फार बोलणारा माणूस नाही. म्हणाला, बाई गेली. पहाटे उठून चूल पेटवली, बसली, आणि गेली. दुपारी बारापर्यंत माती देणार आहेत.

तिचं गाव आमढाणा. बसनं दोन तास, जीपनं दीड. मला जाता आलं असतं. फक्त पुढच्या तारखेचा अर्ज कारकुनाकडे देऊन निघायचं होतं. दुभाषीच वारली म्हटल्यावर कोणीही नाही म्हटलं नसतं.

मी लिंबाकडे पाहिलं. म्हातारा पाणी पीत होता आणि त्याचा हात इतका थरथरत होता की अर्धं पाणी घोंगडीवर सांडत होतं. मला कळलं की आज हा परत गेला तर पुन्हा येणार नाही. आणि हेही कळलं, की मी तारीख घेतलेली सोनकलीला चाललं नसतं. वकिलाच्या सोयीसाठी मागितलेल्या तारखेइतका राग तिला कशाचाच यायचा नाही. डोंगर उतरून आलेला माणूस नुसता पुढचा दिवस ऐकून परत जातो, हे तिला बघवायचं नाही.

मी मुंगीलालला म्हणाले, मला यायला जमणार नाही. तो 'हौ' म्हणाला आणि फोन बंद झाला.

पुकारा झाला. मी न्यायाधीशांना सांगितलं, की दुभाषीचं निधन झालं आहे, पण साक्ष आजच व्हावी अशी माझी विनंती आहे. मला स्वतःला आता कोरकू चांगली समजते, पण स्वतःच्या साक्षीदाराची दुभाषी मी होऊ शकत नव्हते. न्यायाधीश म्हणाले, मग सांगणार कोण? तेवढ्यात दाराशी उभा असलेला शिपाई साबूलाल बेठेकर पुढे आला.

साबूलाल त्या दारात अठरा वर्षं उभा राहून नावं पुकारत होता. तो कोरकूच. सोनकली आजारी असली की मी त्याला विचारायची, आणि दर वेळी तो नाही म्हणायचा. साहेबांसमोर चूक झाली तर माणसाचं शेत जाईल, म्हणायचा. त्याला खरोखर भीती वाटायची. त्या दिवशी त्यानं टोपी काढून बगलेत धरली आणि म्हणाला, कोर्टाची परवानगी असेल तर मी सांगतो. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. साबूलालनं शपथ घेतली.

पहिली दोन वाक्यं त्यानं 'ते म्हणतात' अशी सांगितली. तिसऱ्या वाक्याला थांबला, घसा साफ केला आणि म्हणाला, "मीच मांडव घातला. जांभळीच्या डहाळ्या मीच तोडून आणल्या." तिथून पुढे तो 'मी' वरच राहिला. अठरा वर्षं तो दारात नुसता उभा नव्हता, ते मला तेव्हा समजलं.

मग उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला धास्ती होती. लग्न कोणत्या साली झालं? साबूलालनं विचारलं. म्हातारा गप्प बसला. बराच वेळ गप्प. वकील टंकलेखकाला सांगायला लागले, की साक्षीदाराला माहीत नाही, असं घ्या.

साबूलालचा आवाज बारीक होता, पण खोलीभर ऐकू गेला. "साहेब, माहीत नाही असं ते म्हणाले नाहीत. गप्प आहेत, असं लिहा."

न्यायाधीशांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तसं लिहा.

म्हाताऱ्यानं अजून थोडा वेळ घेतला. मग बोलला. साल मला येत नाही. नदीवरचा पूल वाहून गेला, त्याच्या पुढच्या वर्षी, मोहाची फुलं वेचून झाल्यावर लग्न झालं. नवरीला पलीकडून आणायचं होतं आणि पूल नव्हता, म्हणून मी तिला खांद्यावर बसवून नदी पार केली होती. रतनी मागच्या बाकावर तोंडावर पदर घेऊन बसली होती. पूल वाहून गेल्याचं साल सरकारी कागदात होतं. ते मी पुढच्या तारखेला आणून दिलं.

बारा वाजले तेव्हा म्हातारा अजून कठड्यात होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदाच पाहिलं.

"साबूलाल?" सोनकली विचारते. आम्ही आता बसमध्ये आहोत. केव्हा बसलो ते आठवत नाही. खिडकीबाहेर घाट आहे, आणि वळणावळणावर रस्त्याच्या कडेला कोर्टातलीच लाकडी बाकं मांडून ठेवलेली आहेत, त्यावर माणसं बसची वाट बघत बसली आहेत. "तो तर माझ्याशी बोलालेही लाजे."

मी सांगते, की आता तोच उभा राहतो तिथं. परवानगीचा कागद झाला. चष्माही त्यानं केलाय आणि तो सारखा कुठंतरी विसरतो.

"सुतळी बांधून दे म्हणा त्याले." ती थोडा वेळ बाहेर बघते. "अन् लिहिलं ना? गप्प आहेत, असं?"

"लिहिलं. निकालातही आलं. न्यायाधीशांनी लिहिलंय, की साक्षीदारानं विचार करून उत्तर दिलं."

सोनकली हे दोनदा सांगायला लावते. मी दोनदा सांगते. मग निकालाचंही सांगते. एप्रिलमध्ये शेत रतनीच्या नावावर झालं. ती ऑफिसात आली, बाकाच्या अगदी टोकाला बसली आणि म्हणाली, माझं नाव कुठं आहे ते दाखवा. मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्यावर आपलं बोट ठेवलं आणि किती तरी वेळ काढलं नाही. मी घाई केली नाही. मला वाटतं, या कामात मला मिळालेल्या दिवसांतला तो सगळ्यात चांगला दिवस होता. फक्त शेजारी सोनकली हवी होती.

"होतीच की," ती म्हणते. ते ती खरं बोलते आहे की माझं मन राखते आहे, ते मला कळत नाही.

खिडकीतून एक शेत दिसतं. उन्हात एक बाई वाकून काडीकचरा वेचून ढीग करते आहे. बस तिच्या बाजूनं जाते. ती हात करते, आम्ही दोघी हात करतो, आणि ते शेत बराच वेळ आमच्यासोबत खिडकीतून चालत राहतं.

मग जे विचारायचं आहे ते मी विचारते. मी म्हणते, "तुझ्या मातीला आले नाही मी. तुला राग आला?"

सोनकली हसते. ती पोट धरून हसते, तिचा चष्मा हलतो. "आली असती तर उठून बसली असती मी. विचारलं असतं, तोता पटेलाले कोणाच्या भरोशावर सोडून आली?"

मी तिचा हात धरायला जाते, पण ती हात काढून घेते. रागानं नाही, समोर बोट दाखवायला. बस थांबली आहे आणि समोर तिचं अंगण आहे. शेणानं सारवलेलं, कडेला बांबूचा ढीग. मुंगीलाल ओट्यावर बसून टोपली विणतो आहे. तो पूर्वीपेक्षा बारीक झालाय. आम्ही त्याच्यासमोर उभ्या आहोत, पण त्याला आम्ही दिसत नाही.

लांबून कुठून तरी बसचा आवाज येतो. मुंगीलाल विणायचं थांबवून मान वर करतो. आवाज जवळ येतो, पुढे निघून जातो. तो मान खाली घालून पुन्हा काम सुरू करतो.

"रोज करते तो हे," सोनकली म्हणते. "त्या दिवशी कोर्ट होतं. त्याच्यानंतर काय होतं तुले?"

त्यानंतर काहीच नव्हतं. तारखा होत्या, पण रविवारही होते. संक्रांत गेली, होळी गेली. दर वेळी मी इथं यायचं ठरवायची आणि दर वेळी बसस्टँडपर्यंत जाऊन परत फिरायची. शेवटी मी तिला म्हणते, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

"तोंड तर तुझं पंचवीस वर्षांपासून पाहून राहिला तो." ती मुंगीलालकडे बघत बोलते. "त्याले वाटते, वकीलबाई रागावली. मी न सांगता गेली म्हणून रागावली."

"मी रागावले नव्हते. नुसती गप्प होते."

"हौ. पण ते त्याले कोण सांगन? मी असती तर सांगितलं असतं, की ही गप्प आहे, रागावली नाही. आता मी नाही, बाई. आता तुलेच बोला लागन."

अंगणात ऊन आहे, पण पायाला पोळत नाही. मुंगीलालच्या हातातली टोपली जवळजवळ पुरी झाली आहे. मला त्याला हाक मारावीशी वाटते, पण माझा आवाज निघत नाही. सोनकलीनं माझ्याकडे पाठ केली आहे आणि ती अंगणाच्या कडेला पडलेली एक काटकी उचलते, चुलीसाठी बाजूला ठेवते, जशी तिची सवय होती. मग वळते आणि माझ्या जवळ येते.

"तू इसरशील," ती म्हणते. "झोपेतून उठल्यावर तुले काही आठवत नाही. प्रवासात पाहिलं मी किती वेळा."

तिनं माझ्या पदराचं टोक हातात घेतलं आहे. ती मान खाली घालून काहीतरी करते आहे. तिच्या केसांना करंजीच्या तेलाचा वास येतोय. मला वाटतं, आता हिला विचारावं की तिकडे कसं आहे, तिथं कोणती भाषा बोलतात, तुझ्यासाठी कोण बोलतं. पण इतक्या मन लावून ती काम करते आहे, की मध्येच बोलावंसं वाटत नाही. मी उभी राहते. ती जवळ आहे, एवढंच पुष्कळ वाटतं.

रसवंतीचं घुंगरू वाजतं.

कूलरमधलं पाणी संपलंय, पंखा कोरडा फिरतोय. साडी मानेशी घामानं चिकटली आहे. कपाट बंद आहे. बाकावर कोणी नाही. घड्याळात पावणेतीन वाजलेत आणि बसस्टँडवरून कंडक्टरच्या शिटीचा आवाज येतोय.

मी उठून बसते. तोंड पुसायला पदर ओढते तर हाताला काहीतरी कडक लागतं. पदराच्या टोकाला गाठ आहे. बारीक, घट्ट, दोनदा फिरवून आवळलेली. मी सकाळी ही साडी इस्त्रीची घडी मोडून नेसले होते, आणि पदराला गाठ मारायची मला कधीच सवय नव्हती.

मी नखांनी सोडवायचा प्रयत्न करते. सुटत नाही. दातांनी सोडवता येईल, पण कापड फाटेल. वकील म्हणून विचाराल, तर हा काही पुरावा नाही. झोपेत माणसाचे हात काहीही करतात. उलटतपासणीत मला पहिल्याच प्रश्नाला हे कबूल करावं लागेल, आणि मी करीन.

मी तोंडावर पाणी मारते. कूलर बंद करते, चपला घालते. गाठ असलेलं टोक मुठीत धरून बाहेर येते, दाराला कुलूप लावते आणि कंडक्टरला ओरडून सांगते की थांबा, आमढाण्याला एक जण आहे.